पिंपातला ठोका

ता. ४

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आशीर्वाद एवढ्यावरच संपले, कारण तुझ्या त्या नव्या कामगार कायद्यानं माझं डोकं फिरलंय. तक्रार ज्याची त्यानंच, समितीपुढे स्वतः उभं राहून करायची, हे कलम तूच घातलंस ना? मग आमच्या खात्यातल्या चिमणीनं कसं उभं राहावं? ती मेली की रे!

तुला आमच्या धुलाईखात्यातलं काय कळणार, म्हणून सांगते. कापड धुवायचं पिंप खोलीएवढं. एकीनं आत शिरून चिकटलेले धागे काढायचे. बटण दाबायच्या आधी बाहेरून पान्यानं ठोकायचं. आतून ठोका आला की हात मागे. आमच्या आधीच्या बायांपासूनची रीत. नव्या सुपरवायझरनं वेळ जातो म्हणून ती बंद केली आणि न ठोकता बटण दाबलं. आत चिमणी होती.

आम्ही सगळ्या तिच्या वतीनं तक्रार घेऊन गेलो, तर समितीनं तुझं कलम दाखवून वाटेला लावलं.

आणि पुढचं ऐक. पिंप रिकामं आहे, मी स्वतः डोकं घालून बघते. दार लावून ठोकलं की आतून उत्तर येतं. दोन लागोपाठ, एक उशिरा. चिमणी तस्संच ठोकायची. कुणी बटणाला हात लावत नाही.

कलम बदल. पोरांना पापा.

तुझी ताई

ता. १०

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र म्हणजे तोफखाना. कान झाकून वाचलं. अगं, कलम तुमच्याच भल्यासाठी आहे. पुढारी तुमच्या नावानं तक्रारी करून मालकाशी परस्पर मिटवायचे, ते थांबावं म्हणून. दुरुस्ती मला सुचवता येईल, पण कारण काय लिहू, भूत?

गरम लोखंड निवताना वाजतं, इतकंच. तरी तुझ्या शब्दाखातर आमचा निरीक्षक पाठवला. पिंप ठीक आहे, असं त्यानं लिहून दिलं. मात्र तिकडून आल्यापासून दारावर टकटक झाली की तो ताडकन उठून उभा राहतो.

तुझी लेक, माझी भाची, तुझ्याच खात्यात लागल्याचं कळलं, आनंद वाटला. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा धाकटा

ता. १५

चि. धाकट्यास,

निवताना वाजतं म्हणे! पिंप चिमणी गेली तेव्हापासून बंद आहे, थंडगार. तुझ्या निरीक्षकानं ठोकलं, उत्तर आलं, तसा पाना टाकून पळाला. आणि वर ठीक लिहून मोकळा!

त्या ठीकच्या जोरावर सोमवारी पिंप सुरू होणार. सफाईला आत तुझी भाची. नाही म्हटलं तर घरी बसायचं. सुपरवायझरनं बजावलंय, आतून ठोका आला तरी तो नेहमीचाच आवाज समजायचा, बटण तो स्वतः दाबणार. पोर आतून जीव खाऊन ठोकेल तेव्हा कोण ऐकणार?

काल मी पिंपापुढे हात जोडले. म्हटलं, चिमणे, सोमवारी तेवढी गप्प राहा बाई. आणि ठोकलं. उत्तर आलं, पण चिमणीचं नव्हे. तीन सारखे, घाईघाईचे. तुझी भाची लहानपणापासून दार तसंच वाजवते. ती माझ्या शेजारी उभी होती. दोन्ही हात माझ्या हातात.

सोबतच्यांची तक्रार चालेल आणि आतून ठोका आला तर यंत्र सुरू करायचं नाही, एवढं लिही. कारण काय वाटेल ते दे. नाहीतर सोमवारी तिच्या जागी मी आत शिरते. मग तुझ्या कलमाप्रमाणे माझी तक्रार मी स्वतः करीन, तुझ्या दारावर.

माझी माया हवी असेल तर शनिवारच्या आत उत्तर दे.

ताई