चांदीचे चार ठिपके

कोथरूड, पुणे
६ जानेवारी २०२५

ती. प्रियाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, म्हणून पत्र. मावशीची सर्दी बरी आहे. तुझी वीस तारखेची प्राध्यापकपदाची मुलाखत तिनं सोसायटीत वॉचमनसकट सगळ्यांना सांगितली आहे.

आता मुद्दा. तू प्रयोगशाळेत ठेवून गेलेला टोपोलॉजिकल अर्धधातूचा स्फटिक मी पुन्हा मोजला. चुंबकीय क्षेत्र प्रवाहाच्याच दिशेनं वाढवलं की त्याचा रोध घटतो, म्हणजे आतले इलेक्ट्रॉन वेगळ्या प्रकारचे आहेत, असं तुझा शोधनिबंध म्हणतो. तुझ्या तारांनी मलाही तीच घट मिळाली. मग मी एकच बदल केला. प्रवाहाच्या दोन तारा तू टोकांच्या मधोमध चांदीच्या बारीक ठिपक्यांनी चिकटवल्या होत्यास. मी दोन्ही टोकं पूर्ण चांदीनं माखली. घट गेली. क्षेत्र नऊ टेस्लापर्यंत नेलं तरी रोध वाढतच राहिला.

माझ्या मते क्षेत्र वाढलं की प्रवाह पसरत नाही, ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत सरळ धारेनं जातो. व्होल्टेज मोजणारे दोन ठिपके कडेला आहेत. तिथं तो फारसा पोचत नाही, आणि आपल्याला वाटतं रोध घटला.

आपल्या गाईड सरांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला.

माया आहे तशीच ठेव.
अपेक्षा

बंगळूर
१० जानेवारी

चि. अपेक्षास,
अनेक आशीर्वाद.

माझी दोन वर्षं तू एका दुपारी माखून टाकलीस, अभिनंदन. ठिपके बारीक ठेवायला तुला कुणी शिकवलं, हे लक्षात असेलच. स्फटिक चार वर्षं हवेत पडलेला आहे. चांदी वाळवताना तू तो तापवलास. त्यानंतर तो काय वाटेल ते दाखवेल.

मार्चमध्ये माझी वयोमर्यादा संपते. ही शेवटची मुलाखत, आणि त्या लोकांपुढे ठेवायला माझ्याकडे तो एकच आलेख आहे. वीस तारखेपर्यंत थांब. मी फक्त दहा दिवस मागते आहे. आईला, म्हणजे तुझ्या लाडक्या मावशीला, काही बोलू नकोस.

जेवत जा. राग आहे, पण तुझ्यावर आहे की नाही, ते ठरलेलं नाही.
ताई

कोथरूड, पुणे
१४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत मावशीनं तिळगूळ पाठवला आहे. त्यावर मी काही लिहीत नाही.

तुझी शंका रास्त होती. म्हणून त्याच खेपेतला, कधीही न उघडलेला दुसरा स्फटिक घेतला. ठिपके लावून तो तापवला, मोजला: घट. टोकं माखून तेवढाच तापवला, मोजला: वाढ.

आणखी एक. तुझ्या वहीत पान ४१ वर व्होल्टेजच्या तारांची दुसरी जोडी आहे, मधल्या रेषेवर. तिच्यात रोध वाढला होता. तू 'तार सैल' लिहून ती ओळ खोडलीस. पण त्याच पानावर ती तार स्फटिकाला चिकटते त्या जोडाचा रोध तीन ओहम लिहिला आहे. सैल तारेचा इतका कमी नसतो. तुला तेव्हा कळलं होतं, असं मी म्हणत नाही. विचारते आहे.

शुक्रवारी गटाची बैठक आहे. सर विचारतील तेव्हा मी खोटं सांगणार नाही. त्याआधी तू त्यांच्याशी बोललीस तर बरं.

रागावलीस तरी पत्र पाठव.
अपेक्षा

बंगळूर
२९ जानेवारी

चि. अपेक्षास,
अनेक आशीर्वाद.

बैठकीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी तुझं पत्र आलं, त्याच संध्याकाळी सरांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं की अपेक्षानं किती स्फटिक मोजले. मी म्हटलं, दोन.

तार सैल नव्हती. मला तेव्हा कळलं होतं का, हे आज खरंच सांगता येत नाही. मी ती दुसऱ्यांदा तपासली नाही, एवढं नक्की.

मुलाखतीत माझा आणि तुझा, दोन्ही आलेख शेजारी लावले. एकांनी विचारलं की मग तुमच्याकडे उरलं काय. मी म्हटलं, सध्या काही नाही. काल निकाल लागला. माझं नाव नाही. रडले नाही असं लिहिणार होते, पण तू पुन्हा मोजायला बसशील.

आईला मीच सांगितलं. ती म्हणाली, तिनं सोसायटीत फक्त मुलाखत आहे असं सांगितलं होतं, नोकरी लागली असं नाही.

नियतकालिकाला पाठवायच्या दुरुस्तीचा मसुदा सोबत आहे. त्यावर तुझं नाव आधी, माझं नंतर. यावर वाद नको. मोठी मी आहे.

तुझी
ताई