होळीनंतरचं ऑइल

बाबा, नवी गाडी घेतली आहे आणि तिच्यात कोणतं ऑइल टाकायचं, या एका गोष्टीवरून आठवडाभर माझं कशातच लक्ष नाही. गाडी पेट्रोलची आहे, पांढरी. सकाळी हुडकेश्वरहून सवारी घेऊन निघतो आणि दिवसभर शहरात फिरतो. घर तिच्यावरच चालतं, म्हणून इंजिनाचा आवाज जरा वेगळा वाटला तरी मी एसी बंद करून, काच खाली करून ऐकत राहतो. मागे बसलेली माणसं वैतागतात. आता पहिल्यांदा ऑइल बदलायची वेळ आली. गाडीसोबतच्या पुस्तिकेत एकच ग्रेड दिला आहे, झिरो-ट्वेंटी. ते पान मी इतक्यांदा उघडलं की पुस्तिका आता हातात घेतली की तिथेच उघडते. मी दहावीत दोनदा राहिलेला माणूस, एकदा वाचून माझा स्वतःवर विश्वास बसत नाही. सर्व्हिस सेंटरच्या मॅडमनी डबा उघडून दाखवला. बोटावर थेंब घेतला तर तो सरळ मनगटापर्यंत ओघळला. इतकं पातळ, बाबा. आणि होळी तर होऊन गेली आहे.

होळी झाली की जाड, दिवाळी झाली की पातळ, हा तुमचा नियम. उमरेड ते नागपूर काळी-पिवळी चालवायचात तेव्हा उन्हाळ्यात वीस-पन्नास आणि थंडीत पंधरा-चाळीस. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हरही तुमचं पाहून तसंच करायचे. गाडी उभी केली की तुम्ही आधी ऑइल मोजायची डिपस्टिक ओढायचात, थेंब अंगठ्यावर घ्यायचात, शेजारच्या बोटानं चोळायचात आणि दोन्ही बोटं हळूच दूर न्यायचात. मधे ऑइलची तार धरायची. "पाय, हाय अजून जीव याच्यात," असं म्हणून मला दाखवायचात आणि बोटं पँटला पुसायचात. आई त्या डागांवरून रोज बोलायची. झिरो-ट्वेंटीची मी तशी तार धरून पाहिली. धरत नाही.

मग तुमची काळी-पिवळी दुरुस्त करायचे त्या काकांच्या गॅरेजात गेलो. तुम्ही गेल्यापासून गाडीतलं काहीही विचारायचं तर त्यांनाच. त्यांनी माझ्या मोबाइलवर पुस्तिकेच्या पानाचा फोटो पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले.

"हे ऑइल हाय का गा? घरी घेऊन जा अन् भजे तळ याच्यात."

"काका, आता इंजिनं वेगळी असतात. आतल्या फटी बारीक असतात, जाड ऑइल लवकर वर पोचत नाही. बाहेर ऊन कितीही असलं तरी इंजिनाची गरमी कूलंट सांभाळतं."

"बापरे, कोन्या कॉलेजात शिकला तू?" बाकावर बसलेले दोघे हसले. काका मात्र एकदम थांबले. "तुह्या बापाचं विसरला का बे? एका सालीच होळीले जाड ऑइल टाकलं नाही त्यानं. पंधरा-चाळीसच टाकलं. बसली ना गाडी भर उन्हात जाम होऊन? मरेपर्यंत सांगत होता तो, माही चूक झाली म्हणून. अन् तू त्याच्याहून पातळ टाकून राहिला! काहून?"

मी मोबाइल खिशात घालून निघालो. त्या वर्षी ऑइल पातळ होतं, एवढं खरं आहे. एक डबा उरला होता, तो संपवू म्हणालात. पण बाकीचं काकांना माहीत नाही, तुम्हालाही नव्हतं. मी सोळा वर्षांचा होतो. तुम्ही पाना माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आज तू कर. मी पायतच नाही." आणि खरंच पाठ करून बाजेवर बसलात. तेवढा विश्वास तुम्ही माझ्यावर आधी कधी टाकला नव्हता. जुनं ऑइल सोडलं, फिल्टर बदलला, चेंबरखालचा, ऑइल सोडायचा नट परत लावला. आटे जातील या भीतीनं नट हातानंच बसवला, पान्यानं नंतर आवळू म्हटलं. नवं ऑइल भरलं आणि डिपस्टिक चार वेळा पाहिली. पुसून पाहिली, थांबून पाहिली. नट आवळायचा राहिला. पाच दिवसांनी गाडी उमरेड रोडवर जाम झाली. दोरानं ओढत, टोचन करून आणली तेव्हा मीच आधी खाली सरकलो. तो नट बोटांनी फिरत होता, बाबा; ऑइल तिथूनच गळून गेलं होतं. मी तो आवळला, चेंबर फडक्यानं पुसलं आणि बाहेर आलो. तुम्ही काकांना सांगत होता, "ऑइल पातळ होतं, गरमीनं जळून गेलं. माहीच चूक हाय." मी तिथेच उभा होतो.

त्यानंतर कितीतरी महिने तुम्ही दुसऱ्याच्या गाडीवर बदली ड्रायव्हर होतात. दर होळीला स्टँडवरच्या प्रत्येकाला आपली गोष्ट सांगून जाड ऑइल टाकायला लावायचात. लोक ऐकायचे, कारण तुम्ही स्वतःची चूक सांगत होतात. आज काका मला तीच गोष्ट ऐकवतात आणि ती कुठून सुरू झाली हे फक्त मला माहीत आहे. मला जाड ऑइल टाकायचं नव्हतं. पण टाकणार नाही म्हणताना तुमचं ऐकत नाही असं वाटत होतं, आणि टाकलं असतं तर त्या नटावर आणखी एकदा फडकं फिरवल्यासारखं झालं असतं.

काल सर्व्हिस सेंटरमध्ये झिरो-ट्वेंटीच टाकून घेतलं. गाडी रॅम्पवर होती तेव्हा खाली जाऊन उभा राहिलो आणि मेकॅनिकला नट माझ्यासमोर पुन्हा आवळायला लावला. तो म्हणाला, "भाऊ, झाला ना टाइट." मी म्हटलं, अजून एकदा. आज सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून पाहिला, कोरडा होता. दुपारी पुन्हा टाकला. संध्याकाळी काकांचा फोन आला, कोणतं टाकलं म्हणून. नटाचं सांगायची वेळ तीच होती. मी म्हटलं, "काका, दुसरं टाकलं तर वॉरंटी जाते." ते म्हणाले, "मंग ठीक हाय," आणि फोन ठेवला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पण तुम्ही असता तरी काय झालं असतं? तुम्हाला सहीपुरतंच येत होतं. घरात आलेला कागद मी वाचायचो आणि तुम्ही ऐकायचात. हेही मीच वाचून दाखवलं असतं, आणि नटाचा भाग आला की पान उलटलं असतं.