काडी धरणारी

ओझू, १९ मे

प्रिय चिगुसा,

कोबेहून पाठवलेलं पार्सल पोचलं. मोजे अगदी मापाचे आहेत, पण बिस्किटं एवढी कशाला? खाणारी मी एकटी. निम्मी शेजारच्या हामाओकाबाईंना दिली, तर म्हणाल्या, "पोरगी कवळ्या बनवते आणि बिस्किटं असली कडक पाठवते! गिऱ्हाइकं वाढवतेय की काय?" तीन दिवस त्यांचा हाच विनोद चालू आहे.

गेल्या महिन्यात माळा आवरताना तुझी ती नळी सापडली. वेफर्सचा पुठ्ठ्याचा डबा, आतून काळा कागद, एका टोकाला कॅमेरा आणि दुसऱ्या टोकाला बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याचं भिंग, उलटं बसवलेलं. मी ती मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. तुझा तो खेळ सुरू झाला तेव्हा बाबांशी लग्न करून मला या घरात येऊन चारच महिने झाले होते आणि तू अकरा वर्षांची होतीस. माझ्याशी कामापुरतं बोलायचीस, तेही पाहुण्याशी बोलावं तसं आदबीनं. "मित्सुए-सान, आंघोळीचं पाणी तापलंय." बस, एवढंच. त्या दिवशी मी टोफूच्या दुकानातलं काम आटपून घरी आले, तर तू कोबीच्या वाफ्यात पालथी पडलेली. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातानं भिंग उलटं करून त्याच्या तोंडाशी धरलेलं, आणि समोर एक मुंगी. मला बघून तुझा चेहरा पांढराफटक पडला. ते भिंग तुझ्या आईनं बाबांना दिलेलं, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? मी आपलं म्हटलं, "मला पण दाखव की."

तू जरा विचार केलास आणि सरकलीस. मी कामाच्या कपड्यांनिशी चिखलात तुझ्या शेजारी आडवी झाले. मुंगीच्या पायांवर केस असतात, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मग तू त्या डब्याची नळी केलीस आणि तो सगळा उन्हाळा आपण दोघींनी अंगणात लोळून काढला. स्पष्ट दिसायचं ते केसाच्या जाडीएवढंच. चित्र नेमकं करायला नळीवर फिरवायचं काही नाही, श्वास रोखून आपणच पुढेमागे झुलायचं. फ्लॅशचा उजेड मऊ पडावा म्हणून मी दुकानातून टोफूचे पांढरे डबे आणायचे. मालक ओरडायचे, "अहो, टोफू तसाच राहतो आणि डबे कसे संपतात?" पहाटे दवात भिजलेला चतुर उडू शकत नाही, हे तुझं तूच शोधून काढलंस. मी त्याची काडी धरायची आणि तू मला दटावायचीस, "हलू नका ना! श्वाससुद्धा नको!"

त्याच चतुराच्या नादात नळी तुझ्या हातून दगडावर पडली आणि भिंगाच्या कडेला पोचा आला. संध्याकाळी बाबांनी ते हातात घेतलं. मी पटकन म्हणाले, "माझ्याकडून पडलं." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तूही खरं काय ते सांगितलं नाहीस. पण शाळेच्या प्रदर्शनातून तो फोटो परत आला, तेव्हा खालच्या चिठ्ठीवर तुझ्या अक्षरात लिहिलं होतं: 'फोटो – चिगुसा. काडी धरली – मित्सुए-सान.' तू तो फ्रिजला चिकटवलास आणि खेळायला पळालीस. मी कांदे चिरायला घेतले, म्हणजे डोळे पुसायला निमित्त.

मी तुला कधी 'आई म्हण' म्हटलं नाही. तुला आई होती. बाबा गेल्यावर तुझ्या आत्या मला म्हणाल्या, "आता तुम्ही मोकळ्या." त्या वाईट बोलल्या नाहीत, पण मला मोकळं व्हायचं नव्हतं.

असो. नळी सापडली तशी मी अंगणात जाऊन बसले. गुलाबावर मावा आणि त्याच्यामागे मुंग्या. पण काही केल्या स्पष्ट दिसेना. भिंगाला बुरशी आली असेल म्हणून तीनदा पुसलं. भिंग स्वच्छ होतं, खराब माझा डोळा होता. घाबरू नकोस, साधा मोतीबिंदू आहे. मात्सुयामाच्या दवाखान्यात पुढच्या महिन्यात काढतील. तिथे कागदावर जवळच्या माणसाचं नाव विचारलं, मी तुझं सांगितलं. खिडकीतल्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, "नातं काय लिहू?" आणि मी पिशवीत चष्मा शोधू लागले. तीच बिचारी म्हणाली, "परिचित लिहिलं तरी चालतं." मी म्हटलं, लिहा. घरापर्यंत गाडीत तो शब्द टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत जाऊन विचारलं. कागदोपत्री मी फक्त बाबांची बायको; तू माझी मुलगी नाहीस आणि मी तुझी आई नाही. सतरा वर्षं एका चुलीवरचं जेवलो, तरी नाही. सोबत एक फॉर्म पाठवते आहे, दत्तक घेण्याचा. मोठ्या माणसालाही घेता येतं. माझी सही मी केली आहे. साक्षीदार म्हणून हामाओकाबाई आणि टोफूचे मालक यांच्याही सह्या झाल्या. बाई म्हणाल्या, "एवढी वर्षं काय झोपला होता?" तुझी जागा कोरी आहे. घाई नाही, आणि नको वाटलं तर फाडून टाक. मी विचारणार नाही, बिस्किटं मात्र पाठवत जा. एक गोष्ट मी दोनदा खात्री करून घेतली: यानं तुझ्या आईचं नाव पुसलं जात नाही. ते जिथे आहे तिथेच राहतं. माझं फक्त त्याच्या शेजारी लिहिलं जाईल.

तुझीच,
मित्सुए