सात भाग, सत्तावीस वर्षं

६ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.
नाइट करून आलो. 'नोव्हा कॉलनी'चा आठवा भाग सतराला लागतोय. सत्तावीस वर्षांत एकाही भागाचा पहिला शो चुकवलेला नाही. थर्ड शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसने थेट थिएटर. आंघोळसुद्धा नंतर. असा चाहता अख्ख्या चाकण एमआयडीसीत नाही.
संकल्प: शोआधी मॉलमध्ये फॅन क्लबची निवडणूक आहे. अध्यक्ष व्हायचंच. समोर सनी नावाचा आयटीतला मुलगा. पहिला भाग लागला तेव्हा तो दुपट्यात असेल.

७ एप्रिल.
बायकोला, विजयश्रीला, सांगितलं. ती म्हणाली, अध्यक्ष व्हा, पण या वेळी जागे राहा. तिला सिनेमातलं कळत नाही. मी डोळे मिटून बघतो. पार्श्वसंगीताकडे नीट लक्ष देता येतं.

९ एप्रिल. दुपारी.
भाषण लिहायला घेतलं. मुद्दा पहिला: मुलाचं नाव. २००९ साली पाचव्या भागात कॅप्टन रिवान आला. सुरुवातीलाच जळत्या यानातून बारा पोरं बाहेर काढतो. विजयश्रीला सातवा महिना होता. तिथेच नाव पक्कं केलं. सहाव्या-सातव्या भागात कॅप्टन दिसला नाही. दुसऱ्या ग्रहावर डेप्युटेशन असणार. कामाच्या माणसाला एका प्लँटवर ठेवत नाहीत.
मुद्दा दुसरा सुचला नाही. चिरंजीव म्हणाले, नावाचं भाषणात नको. लाजतो. नुकतीच दहावी दिलीय, वयच तसं. जुने भाग मोबाइलवर परत बघा असंही म्हणाला. मोबाइलवर बघणं हा सिनेमाचा अपमान आहे.

१० एप्रिल.
बसमध्ये बुद्धरत्न शेजारी बसतो. आम्ही एकाच लाइनवर. म्हणाला, भावा, सातव्या भागाला तू घोरत होतास, पुढची रांग वळून बघत होती. धादांत खोटं. तरी खबरदारी म्हणून अदलाबदल ठरवली. तेराची त्याची नाइट मी करायची, म्हणजे जयंतीच्या आदल्या रात्री त्याला पोराबाळांना घेऊन पिंपरीला जाता येईल. सोळाची माझी नाइट त्याने करायची. सतराला मी ताजातवाना. सुपरवायझर किसनरावांनी सही केली. प्लॅनिंग असावं तर असं.

१४ एप्रिल. दुपारी १.
घरचे तळेगावला मेहुणीकडे. काल संध्याकाळी जरा आडवा झालो. उठलो तो आत्ता. फोनवर किसनरावांचे एकवीस मिस्ड कॉल. बुद्धरत्नला गर्दीतून शोधून ड्युटीवर बोलावलं म्हणे. पोरगी रडत होती म्हणे. फोन करून जयंतीच्या शुभेच्छा दिल्या. त्याने फोन ठेवला. लोक एवढ्यातेवढ्यावरून डूख धरतात.

१५ एप्रिल.
बुद्धरत्न सोळाची नाइट करणार नाही. किसनरावांकडे रजा मागितली. त्यांनी अर्ज परत हातात दिला. हरकत नाही. खरा चाहता नाइट करूनच येतो. परंपरा मोडली नाही हे बरंच झालं.

१७ एप्रिल. दुपारी ४.
पोरगा रिवान सोबत आला होता. माझी पाळी आली, माइक घेतला. म्हणालो, कॅप्टन रिवानसारखा देवमाणूस झाला नाही, म्हणून पोराला त्याचं नाव दिलं. हॉल हसला. वाटलं, सुरुवात झकास झाली. पण हसणं थांबेना. शेवटी सनी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, पाचव्या भागाच्या शेवटी रिवान अख्खी कॉलनी शत्रूला विकतो. तिथेच त्याला मारतात."
हा अपप्रचार आहे असं मी ठामपणे सांगितलं.
मतं: सनी एकशे बारा, मी एक. माझी चिठ्ठी घरी आल्यावर खिशात सापडली.
मग सिनेमा. दिवे गेले. यान उडालं. दिवे आले.
रिक्षात रिवानला विचारलं. त्याला चौथीपासून माहीत आहे. शाळेत पोरं गद्दार म्हणायची. मग मला सांगितलं का नाही? म्हणाला, "तुम्ही एवढं खुशीत सांगायचात, पप्पा."
मला फार वाईट वाटलं. हे इथेच लिहितो.

संध्याकाळी ७.
विजयश्रीला जाब विचारला. पाचवा भाग तिने शेवटपर्यंत पाहिला होता. पोटात पोर आणि खांद्यावर माझं डोकं. मी नाइट करून आलेलो, म्हणून उठवलं नाही. पण मग बारशाला तरी बोलायचं.
ती म्हणाली, "नाव मला आवडलं होतं. आणि बारशाच्या दिवशी तुम्ही सगळा वेळ जागे होतात."

१८ एप्रिल.
बुद्धरत्न बसमध्ये मागच्या सीटवर बसला. त्याच्या पोरीसाठी घेतलेले पेढे डब्यातच राहिले. सोमवारी देईन. नक्की.

१९ एप्रिल, रविवार. दुपारी ३.
संकल्प: पाचवा भाग शेवटपर्यंत बघायचा. मोबाइलवर. रिवान शेजारी बसलाय. काल रात्रभर झोपलोय, चहा दोनदा घेतलाय, डोळे उघडे.

संध्याकाळी ६.
कॅप्टनने बारा पोरं बाहेर काढली. इथपर्यंत नक्की पाहिलं.
रिवान खांदा चोळतोय.