पापा बेडेन यांचा डावा हात

गुरुवार, ९ नोव्हेंबर २०२३. दुपारी ४ वाजून १० मिनिटे.

चॅपलमध्ये कीबोर्डची वायर लॅपटॉपला जोडत होतो. संगत करणारं सॉफ्टवेअर एकदाचं सुरू झालं. ड्रम आणि बास लॅपटॉप वाजवणार, सूर पापा बेडेन उजव्या हाताने. मे महिन्यातल्या अर्धांगवायूच्या झटक्यापासून त्यांचा डावा हात मांडीवर पडून असतो. एकतीस वर्षं सॉल्टपाँड गावातल्या आमच्या चॅपलचे वादक तेच! आणि कारभारी एसिलफी म्हणतात, “सुगीच्या उपासनेला जमलं तर ठीक. नाहीतर नवा माणूस. नाव आहे माझ्याकडे.” सुगीची उपासना १९ तारखेला. दहा दिवस.

पहिल्याच सुराला घोटाळा — प्रत्येक सूर दोनदा! पापा हसले. “माझी अर्धी बाजू गेली, आणि या डब्याने मला दुप्पट केलं!”

शुक्रवार, १० नोव्हेंबर

कारण सापडलं. कीबोर्ड स्वतः वाजतो, आणि लॅपटॉप तोच सूर परत पाठवतो. मिडीच्या, म्हणजे कीबोर्ड-लॅपटॉप जोडणीच्या, सेटिंगमधली परत पाठवण्याची खूण काढली. आता एकच सूर. पण पापा म्हणाले, “ठेका उशिरा येतोय.” मला तर काहीच कळेना! लॅपटॉपचा उशीर चाळीस मिलिसेकंदांवरून खाली आणत गेलो. आठवर आल्यावर, पडद्याकडे न बघता — “हां. आता.” काय कान आहे!

मंगळवार, १४ नोव्हेंबर

आराबामावशींना पट्टी विचारायला गेलो. त्या मासे तळत होत्या. प्रवचनातलं एखादं वाक्य मनाला लागलं की त्या बाकावरूनच गाणं उचलतात, आणि धर्मगुरूंना थांबावं लागतं. कुठलं गाणं, ते त्यांनाही आधी माहीत नसतं.

“माझ्या गळ्याला बटण नाही, एबो!”

तरी गाऊन घेतलं. पांढरी चार. तीच पट्टी लॅपटॉपमध्ये भरून ठेवली.

नंतर चॅपलमध्ये कीबोर्डच्या डाव्या भागाचं चॅनल तपासायला मी स्वतः बास वाजवला. चॅपल झाडायला येतो तेव्हा बोटं फिरवतो, तेवढंच मला येतं. पापा म्हणाले, “नीट ऐकू आलं नाही. पुन्हा.” मग, “आता एक पट्टी वर.” असं करत बाराही पट्ट्यांत तपासून घेतलं. माझ्याहून चिकित्सक माणूस प्रथमच भेटला!

शनिवार, १८ नोव्हेंबर

सगळं दोनदा तपासलं.

रविवार, १९ नोव्हेंबर

स्तोत्रं छान झाली. मग प्रवचनाच्या मध्येच आराबामावशी उभ्या राहिल्या आणि गाणं उचललं. पांढरी चार नाहीच! मी घाबरून ‘सुरू’ दाबलं. गाण्याआधी दोन आवर्तनं ठोके मोजण्याची खूण मी फक्त स्तोत्रांसाठीच काढली होती — आणि कर्ण्यातून टक, टक, टक, टक! मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “देवाचं घड्याळ बिघडलं.” अख्खं चॅपल हसलं. एसिलफी हसले नाहीत.

पापांनी लॅपटॉप मिटला. बाकावर थोडे सरकले. “डावीकडे बस. तपासताना वाजवतोस तेच. काळी तीन.”

“पापा, मला —”

“बस!”

बसलो. उजवा हात त्यांचा, डावा माझा. दुसऱ्या ओळीला आराबामावशींनी एकदाच वळून पाहिलं, आणि आवाज आणखी वर नेला. पापांचं बोट त्यांच्याआधी तिथे पोचलेलं! मी नुसता मागे धावत होतो. पण एकदाही चुकलो नाही. एकदाही!

उपासना संपल्यावर एसिलफी मला एवढंच म्हणाले, “मंगळवारी येऊन भेट.” पापांची जागा गेली. माझ्या एका खुणेपायी.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

नवा माणूस म्हणजे मी. नको म्हणालो. एसिलफींनी शिफारशीचं पत्र पुढे सरकवलं. पापांचं अक्षर, माझं पूर्ण नाव. तारीख ६ फेब्रुवारी. तेव्हा त्यांचे दोन्ही हात चालत होते.