पाटीवरचं नाव

पनवेल,
२ फेब्रुवारी २०२५

कमलाकरराव यांस,

नमस्कार. आम्ही इकडे ठीक. तुमचा गुडघा आता कसा आहे? थंडीत जपा.

काल पुष्पप्रदर्शनात गेलो होतो. आपली कर्दळ पाहिली. पहिलं बक्षीस मिळालं, अभिनंदन. दोन चुका मात्र सांगायलाच हव्यात. पाटीवर तुम्ही रंग 'लाल' लिहिला आहे. तो लाल नाही. पिकलं करवंद फोडल्यावर आत दिसतो, तो रंग आहे. पाकळीची कड पिवळी आहे, तीही लिहायला हवी होती. ही कर्दळ मी कुणाकडे शिकून केलेली नाही. एका फुलाचे पराग कुंचल्याने दुसऱ्यावर लावले, छर्‍यासारखं टणक बी कळंबोलीच्या वर्कशॉपमधल्या कानशीने घासून रुजवलं. बियांतून तीच कर्दळ पुन्हा येत नाही, कंदच जपावा लागतो, हे तुम्हाला मीच सांगितलं होतं.

आमची चाळ पाडायला घेतली तेव्हा सगळा गड्डा उपटून गव्हाणला तुमच्या अंगणात आणून लावला. कुंदा म्हणाली, "दादा, हिला मावरा धुतलेला पानी लागतं. तुजा खत नाय." आणि खरंच, मासळीच्या त्या पाण्यावर पानं अशी माजली की मी खताची पिशवी उचलून ठेवली.

दुसरी चूक नावाची.

कुंदा गेल्यावर तुम्ही दुसरं लग्न केलंत, त्याबद्दल मला एक शब्द बोलायचा नाही. मी स्वतः आलो, मांडवात मोनालीला भावाच्या मानाची साडी दिली, सगळ्यांसमोर म्हणालो, "आजपासून ही माझी बहीण." ते मनापासून म्हणालो होतो.

पण पाटीवर 'मोनाली' वाचलं आणि तिथेच बाकावर बसलो. शेजारच्या बाई विचारत होत्या, "काका, पाणी देऊ का?"

हॉस्पिटलात मी कुंदाला सांगितलं होतं, फुलली की तुझं नाव ठेवणार. ती हसली. "कर्दळीला कसला नाव? कर्दळ ती कर्दळ." मग तुमच्याकडे बघून म्हणाली, "आयकलंव का, दादा माजा नाव ठेवतंय." तुम्ही उशाशी उभे होतात. मान डोलावलीत. ती गेल्यावर, वर्षश्राद्धालाच ते नाव सगळ्यांना सांगायचं, हेही आपलं ठरलं होतं. श्राद्ध पुढच्या आठवड्यात आहे. एवढाही धीर धरवला नाही तुम्हाला.

कर्दळ परत मागता येत नाही. बहिणीच्या दारात लावलेलं भाऊ परत मागत नाही, आणि आता त्या दारात मोनाली आहे. तिलाही मीच बहीण म्हटलंय. माझ्याच शब्दाने मी बांधला गेलोय, हे तुम्ही ओळखून होतात. म्हणूनच निर्धास्त राहिलात.

तिचा यात दोष नाही. तिला बहुधा ठाऊकही नसेल. म्हणून एकच मागतो. कर्दळीला नाव कुणाचं द्यायचं ठरलं होतं, ते तिला तुम्ही सांगा. माझ्या तोंडून कळायला नको. नंतर पाटी बदलायची की नाही, ते ती ठरवील.

श्राद्धाला येईन, कुंदासाठी. भाऊबीजेला येईन, मोनालीने बोलावलं तर. तुमच्याकडे म्हणून आता येणं नाही.

'तुमचा' लिहायला हात उचलत नाही, म्हणून

कुंदाचा भाऊ,
बळीराम