मुद्दाम आणलेल्या धडधडीचा खुलासा

प्रति,
मा. वैद्यकीय तपासणी अधिकारी,
बंदर कार्यालय.

विषय : क्रेनच्या केबिनमध्ये परत रुजू करून घेण्याबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

मी धक्क्यावरची उंच क्रेन चालवते. सध्या आपल्या आदेशावरून आवक-जावक टेबलावर पाकिटांना शिक्के मारते.

१. माझ्या हृदयात जन्मापासून विजेची एक जादा वाट होती. ठोक्याचा इशारा त्या वाटेने मागे फिरून गोल धावू लागला की छाती एकाएकी धडधडू लागे आणि तशीच एकाएकी थांबे. आपल्याकडे काढलेला ईसीजी दर वेळी ठीक निघाला, कारण धडधड कार्यालयीन वेळेत येत नसे. तेव्हा आपण मला मन रमवण्याचा सल्ला दिलात.

२. इस्पितळात डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेल्या, धडधड स्वतः सुरू केली, ती कोणत्या वाटेने फिरते ते पाहिले आणि ती जागा जाळली. मग धडधड पुन्हा सुरू करण्याचा हरप्रकारे प्रयत्न केला. ती आली नाही.

३. आपल्या कार्यालयाने अहवालातले ‘धडधड सुरू झाली’ एवढेच उचलले आणि ‘उपचार करूनही झटका’ अशी नोंद केली. अशा नोंदीवर नियमाप्रमाणे केबिन कायमची बंद होते.

४. म्हणून मी डॉक्टरांचे पत्र आणले, की तो झटका त्यांनीच मुद्दाम आणला होता. त्यावर आपली नोटीस आली : नोकरीत असताना प्रकृती जाणूनबुजून बिघडवल्याबद्दल कारवाई का करू नये? हेडक्लार्क म्हणाले, “ताई, दोन ओळींचा माफीनामा द्या, फाईल मिटवतो.” केबिनचे काय, असे विचारल्यावर म्हणाले, “ते माझ्या टेबलावर येत नाही.”

खुलासा असा : होय, मुद्दाम आणला. माझ्या सहीने आणि माझ्या डोळ्यांदेखत. त्याशिवाय ती वाट सापडली नसती. क्रेनचा बिघाड शोधायलाही आमचा फिटर ती चालू करूनच पाहतो. त्याला आजवर कोणी नोटीस दिलेली नाही.

सोमवारी सकाळी मी क्रेनच्या शिडीपाशी हजर राहीन. नोंद दुरुस्त झाली असेल तर वर जाईन. नसेल तर खालीच उभी राहीन आणि विचारील त्याला कारण सांगेन. आपणही यावे, यंत्र घेऊन यावे, हवा तितका वेळ ईसीजी काढावा. शिक्क्यांच्या टेबलाकडे मी परत जाणार नाही.

नियम पाळणारी, पण नमते न घेणारी,
(सही)
क्रेनचालक, धक्का तीन

दिनांक : नोटीस हाती पडली तोच

सोबत :
१. इस्पितळाचा अहवाल. कृपया शेवटच्या पानापर्यंत वाचावा.
२. डॉक्टरांचे पत्र.
३. माफीनामा : जोडलेला नाही.